तिचा तांब्या, माझं बेसिन

तिच्यावरून माझ्या पोटात दुखायला लागलं ते ती रुजू झाली त्याच दिवशी, दुपारी बाराच्या आत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरणार नाही.

सेलूला कापसाच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून बाळंतिणींचा एक दवाखाना काढला होता. त्याच्या वरच्या मजल्यावर नवजात बाळांची खोली होती, आणि ती खोली माझी होती. कागदावर संस्थेची, प्रत्यक्षात माझी. दिवस न भरलेली, जन्मल्यावर न रडलेली, तळहातावर मावतील अशी बाळं पाथरीकडून, मानवतकडून, आडबाजूच्या खेड्यांतून जीपने, एसटीने, कधी बैलगाडीने यायची. खोलीत चार काचपेट्या होत्या. दोन डावीकडे खिडकीशी, दोन उजवीकडे दाराशी. पेटीला गोल झडपा, त्यांतून हात घालून बाळाचं सगळं करायचं. आसपासच्या गावांत एवढी सोय कुठे नाही, असं आमचे ट्रस्टी सांगत, आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेळा मी सांगत असे.

मी झरीच्या एका खात्यापित्या शेतकऱ्याची लेक. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि मी माहेरी परतले. वडिलांनी मला घरात कुढत बसू दिलं नाही, नर्सिंगला घातलं. तेव्हापासून दुसऱ्यांची मुलं जगवणं हाच माझा संसार. बारा वर्षं त्या खोलीत माझा शब्द चालत होता. डॉक्टर बदलले, आया बदलल्या, मी होते तिथेच होते. कुठल्या पेटीचा दिवा कधी दगा देतो आणि कुठलं बाळ दूध ओढायचा आळस करतंय, हे मला लांबून कळायचं. त्यात ती आली.

पाथरी तालुक्यातल्या एका खेड्यातली, बौद्ध समाजातली मुलगी. वय चोविसाच्या आसपास. औरंगाबादला राहून नवजात बाळांच्या कामाचं वेगळं शिक्षण घेतलेली. अंगाने काडी, बोलणं मोजकं. ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाच्या नावावरून एसटीत, बाजारात, आमच्या दवाखान्याच्या ओट्यावरसुद्धा माणसं हमरीतुमरीवर येत. खेड्यांतून घरं जळाली होती, ते अजून कुणी विसरलं नव्हतं. ती त्यावर कधी चकार शब्द काढायची नाही. तिचं ते गप्प राहणंही मला टोचायचं.

पहिल्याच दिवशी मानवतहून आलेल्या एका बाळाची शीर मला सापडेना. एवढ्याशा बाळाला सलाईन लावायचं म्हणजे डोक्यावरची शीर शोधावी लागते, आणि ती दोऱ्याएवढी असते. मी दोनदा टोचलं, दोनदा फसले. डॉक्टर म्हणाले, "नव्या सिस्टरला बघू द्या." तिने बाळाच्या कानशिलावरून बोट फिरवलं, क्षणभर थांबली आणि सुई सरकवली. नळीत रक्ताचा थेंब आला. डॉक्टर म्हणाले, "वा." हे डॉक्टर लातूरकडचे, तरुण, तीन वर्षांपासून आमच्याकडे. तीन वर्षांत त्यांनी मला कधी 'वा' म्हटलं नव्हतं. मला ते 'बरं' म्हणायचे.

आता बेसिनबद्दल सांगायला हवं. त्या खोलीत नळ नव्हता. लोखंडी स्टँडवर पांढरं इनॅमलचं बेसिन ठेवलेलं असे, त्यात जंतुनाशक घातलेलं पिवळसर पाणी. बाळाला शिवण्याआधी त्यात हात बुडवायचे, झटकायचे, की कामाला लागायचं. ते पाणी तयार करण्याचं काम माझं. जंतुनाशकाचा कॅन मोजकाच मिळे, म्हणून कालचं पाणी मी फेकत नसे. त्यातच थोडं नवं औषध, थोडं पाणी घालून पातळी वर आणायची. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जो कॅन महिन्यात संपला असता तो मी दीड महिना पुरवायची, आणि याबद्दल ट्रस्टींनी माझं सभेत कौतुक केलं होतं. जंतू मारायच्या औषधात जंतू राहतीलच कसे, असा माझा साधा विचार होता.

त्या सकाळी तिने माझ्या बेसिनमध्ये हात बुडवले. ती दुपारी डबा खायला खाली गेल्यावर मी ते बेसिन मोरीत उपडं केलं, राखेने घासलं आणि गच्चीवर उन्हात पालथं घातलं. बारा वर्षांत ते पहिल्यांदा इतकं लख्ख घासलं गेलं असेल. का घासलं हे मी स्वतःशीही बोलले नाही. तिचा हात सुईवर माझ्यापेक्षा चांगला चालतो याचा राग होता, आणि तो राग काढायला आमच्या घरात पिढ्यानपिढ्या तयार असलेली एक वाट माझ्या पायाखाली होती. मी त्या वाटेवरून चालत गेले.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "एका बेसिनवर सगळ्यांची गर्दी नको. तुम्ही तुमची वेगळी सोय करा."

तिने एकदा बेसिनकडे बघितलं. तिला कळलं होतं. तिला कळलंय हे मलाही कळलं होतं.

"बरं, सिस्टर," ती म्हणाली.

तिने घरून एक पितळी तांब्या आणि साबणाची वडी आणली. खोलीच्या बाहेर एक मोरी होती. आमची आयाबाई पाणी उकळून, निववून ठेवायची आणि तिच्या हातांवर वरून धार धरायची. ती साबण लावून बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटं, पार कोपरापर्यंत चोळत राहायची. प्रत्येक बाळाआधी, प्रत्येक बाळानंतर. मी आतून ओरडायची, "अहो, लग्नाला निघालात का? बाळ रडायलंय इकडं." ती म्हणायची, "येतेच, सिस्टर." आयाबाई सेलूचीच, दखनी बोलणारी. ती मला म्हणाली, "सिस्टर, इसके हातां तो अंडे के वैसे साफ रहते." मला तेही आवडलं नाही.

खोलीतली बाळं मी वाटून टाकली. डावीकडच्या दोन पेट्या माझ्या, उजवीकडच्या तिच्या. माझ्या बाळांना तिने शिवायचं नाही, आणि तिच्या बाळांच्या भानगडीत मी पडणार नाही. रात्रीपुरती खालच्या वॉर्डातली एक सिस्टर वर येई, ती खालच्या नळावर हात धुऊन येत असे. डॉक्टर स्पिरिटच्या बोळ्याने हात पुसत. म्हणजे त्या बेसिनची खरी मालकीण मी एकटीच उरले होते.

मत्सराला काम फार पुरतं. माझे दिवस त्यातच जायला लागले. डॉक्टर तिच्या डब्यातला ठेचा मागून घ्यायचे. माझा डबा समोर उघडा असायचा, त्यात भरलं वांगं असायचं, तरी ते तिचाच ठेचा मागायचे. बाळांच्या आया विचारायच्या, "त्या बारीक सिस्टर कुठं हायत?" तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून रिपोर्ट तिच्याकडून लिहून घेतले जायला लागले. सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या बाळांचं वजन भराभर वाढायचं. ती जेवायला गेली की मी उजवीकडचे तक्ते काढून बघायची आणि परत होते तसे लावून ठेवायची. शेजारणीच्या भांड्यात काय शिजतंय ते झाकण उचलून बघावं, तसं माझं चाललं होतं.

पावसाळा सरता सरता डावीकडच्या बाळांचं बिनसायला लागलं. पहिलं होतं सेलूपासून दोन कोसांवरच्या एका गावातल्या बाईचं. कापूस वेचायला जाणारी, विशीतली बाई. तिचा मुलगा दिवस भरायच्या आत झाला होता, पण माझ्याकडे आल्यावर सावरला होता. आता दोन-चार दिवसांत घरी सोडायचं म्हणून ती टोपडं घेऊन बसली होती. त्याने एका सकाळी दूध ओढायचं सोडलं. पोट फुगलं, अंग गार पडलं. आम्ही नेहमीची इंजेक्शनं दिली, मग त्यावरची दिली. तिसऱ्या दिवशी ते गेलं. बाई माझ्या पायाशी बसून म्हणाली, "तुमी लय केलं, सिस्टर." पुढच्या पंधरवड्यात आणखी एक गेलं. तेही डावीकडचं, तसंच पोट फुगून, तसंच गार पडून.

मी डॉक्टरांना म्हणाले, "ही मुलगी आल्यापासून खोलीला काहीतरी लागलंय. एकेकाचा पायगुण असतो." डॉक्टर तक्ते चाळत राहिले. दोन्ही बाळं माझ्या बाजूची होती, हे त्यांच्या लक्षात येत असावं. माझ्या लक्षात ते आलं नाही, म्हणजे मी येऊ दिलं नाही.

आणि त्याच महिन्यात माझी भाची आली.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची लेक. बहीण सतत आजारी, त्यामुळे ती लहानपणी माझ्याच मांडीवर वाढली होती. तिला पाथरीला दिली होती. दोनदा पोट पडलं होतं, आणि सासरी आता उघड बोलणी चालली होती, की हिला मूल राहत नाही, मुलाची दुसरी सोय बघू. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं होतं, वेगळ्या घरात. तिसऱ्या खेपेला ती आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. वजन सव्वा किलोच्या आत. सासूने तोंड वाकडं केलं, पण तीही म्हणाली, "पोरगी तर पोरगी, जगली म्हंजे बास." ते बाळ जगलं नाही तर भाचीची रवानगी परत माहेरी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाले, "उजवीकडची दाराजवळची पेटी रिकामी आहे, तिथे ठेवू या."

मी म्हणाले, "माझी भाची आहे, डॉक्टर. बाळ माझ्या हाताखाली राहील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण वाद घातला नाही. बाळ डावीकडे गेलं. सलाईन लावायची वेळ आली. मी तीनदा टोचलं, तीनदा फसले. मग डॉक्टरांनी नव्या सिस्टरला बोलावलं. ती मोरीवर जाऊन हात धुऊन आली, मला वाटलं वर्ष लावलं तिने, आणि एका टोचण्यात सुई आत. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या क्षणी मनात आलं ते असं, की हिचंही चुकलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीच्या लेकराबद्दल मला असं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी बाळाने दूध सोडलं. पोट ढोलकीसारखं ताणलेलं दिसायला लागलं. आधीच्या दोन बाळांचंही असंच सुरू झालं होतं. भाची काचेच्या दाराबाहेर खाली फरशीवर बसलेली असायची. मी बाहेर आले की माझा पदर धरायची आणि म्हणायची, "माव्शी, तू हायस म्हणून मला भ्या न्हाई वाटायलं."

डॉक्टरांनी त्याच दिवशी बाळाचं रक्त तपासायला काढलं आणि म्हणाले, "आता खोलीचाही तपास करायचा. जंतू कुठून येतो ते कळल्याशिवाय नुसती औषधं बदलून भागणार नाही." नांदेडला त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर जंतूंच्या तपासण्या करत. काडीच्या टोकाला कापूस लावून तो सगळीकडे फिरवायचा आणि बाटलीत घालून पाठवायचा. पेट्यांच्या झडपा, वजनाचा काटा, ट्रॉली, दुधाच्या वाट्या, माझं बेसिन.

माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. मी म्हणाले, "डॉक्टर, यांचा तांब्याही घ्या. आणि हातही घ्या, दोघींचेही. कुणाला शंका नको." 'कुणाला' म्हणताना मी तिच्याकडे बघितलं. तिने निमूट हात पुढे केले. मीही केले, अगदी ऐटीत. माझ्या मनात तांब्याचा निकाल तेव्हाच लागून गेला होता. आता एकदाचं कळेल सगळ्यांना, असं मी मनात घोकत होते. पलीकडे पेटीत भाचीचं बाळ मरणाच्या दारात होतं, आणि मी नव्या सिस्टरच्या फजितीची वाट बघत होते.

बाटल्यांचा डबा बांधून शिपाई रेल्वेच्या छोट्या लाइनीच्या गाडीने नांदेडला गेला. निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत बाळाचं वजन उतरत गेलं. रडण्याचा आवाज आधी मांजराच्या पिलासारखा झाला, मग तोही थांबला. मी प्रत्येक वेळी त्या बेसिनमध्ये हात बुडवून, झटकून, त्या झडपांतून आत घालत होते. दिवसातून वीस वेळा, पंचवीस वेळा. नव्या सिस्टरला मी जवळ येऊ देत नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघींना त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागद होता. ते सावकाश वाचत गेले. तांब्यात काही वाढलं नाही. तिच्या हातांवर काही वाढलं नाही. उजवीकडच्या पेट्या स्वच्छ. डावीकडच्या दोन्ही पेट्यांच्या झडपांवर एक जंतू सापडला. तोच माझ्या हातांवर. तोच बाळाच्या रक्तात. आणि बेसिनच्या पाण्यात तो इतका, की त्या नांदेडच्या डॉक्टरांनी खाली रेघ मारली होती.

त्याखाली औषधांची यादी होती. आम्ही जी जी इंजेक्शनं त्या बाळांना टोचत होतो, त्या प्रत्येकापुढे एकच शेरा होता, दाद देत नाही. शेवटच्या एका नव्या औषधापुढे तेवढा वेगळा शेरा होता, लागू पडेल.

"हा ओलाव्यात वाढणारा जंतू आहे," डॉक्टर म्हणाले. "जुन्या पाण्यात थोडं थोडं औषध पडत गेलं, आणि त्यात जगायचं तो शिकला. आता आपल्या सुईतलं औषध त्याला काय करणार? सिस्टर, हे पाणी पूर्ण कधी बदललं होतं?"

मला तारीख पाठ होती. ती रुजू झाली तो दिवस. मी कागदावरच्या त्या रेघेकडे बघत राहिले. ती माझ्या शेजारी उभी होती. बेसिन त्या दिवशी का घासलं गेलं, हे तिला नक्कीच माहीत होतं, आयाबाईने सांगितलं असणार. तिला बोलायला तेवढंच पुरेसं होतं.

ती म्हणाली, "सर, खोलीत नळ न्हाई. सोयच तशी हाय. बाळाला आधी उजवीकडं घेऊ द्या."

तिने मला वाचवलं. मला कृतज्ञता वाटली असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. मी आतून पेटले. हात तिचे चांगले, सुई तिची चांगली, अक्षर तिचं चांगलं, आणि आता मनही तिचंच चांगलं. मला तिने ठेवलं तरी काय?

बेसिन त्याच तासाला अडगळीत गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आजपासून सगळ्यांनी नव्या सिस्टर धुतात तसेच हात धुवायचे, वरून धार धरून. आयाबाई औषध आणायला परभणीला जायच्या गडबडीत होती. मी मोरीवर जाऊन उभी राहिले. पाणी ओतायला दुसरं कुणी नव्हतं. तिने तांब्या उचलला.

झरीला आमच्या वाड्याच्या मागच्या दाराशी माझी आई मजूर बायांना असंच पाणी द्यायची. त्यांनी ओंजळ धरायची, आईने वरून ओतायचं, भांडं त्यांच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवरून. मी लहानपणी शेजारी उभी राहून बघायची, आणि आई दमली की मीही ओतायची. आता मी दोन्ही हात पुढे करून खाली वाकले होते आणि ती वरून धार धरत होती. तिच्या आईने कुठल्या दाराशी ओंजळ धरली असेल ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

"बेचक्यात चोळा, सिस्टर," ती म्हणाली. "आंगठा ऱ्हायला."

मी अंगठा चोळला.

नवं औषध परभणीला मिळालं नाही, आयाबाई तशीच पुढे औरंगाबादला गेली आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आली. बाळ उजवीकडे, तिच्या हाताखाली. माझे हात पुन्हा तपासून स्वच्छ ठरेपर्यंत मला आत यायची मनाई होती. बारा वर्षं जी खोली माझी होती तिच्या दाराबाहेर मी भाचीच्या शेजारी फरशीवर बसले. काचेतून सगळं दिसायचं. ती झडपेतून हात घालायची, बाळाच्या तळपायावर टिचकी मारायची, थेंब थेंब दूध सोडायची. तिसऱ्या दिवशी पोट उतरलं. चौथ्या दिवशी बाळ रडलं, आणि भाची माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. पण त्या रडण्यात सगळा आनंदच होता असं नाही. ते बाळ जगावं म्हणून मी नवस बोलले होते. ते तिच्या हातून जगावं असं मात्र मी कुठल्याच देवाला सांगितलं नव्हतं.

दीड महिन्याने बाळाला घरी न्यायला पाथरीहून सगळे आले. भाचीच्या सासूने माझी ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं, सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "या माव्शीनं आमचं घर राखलं." नवी सिस्टर चार हातांवर उभी होती, बाळाचं दुपटं घडी करत. मी तिच्याकडे बघितलं. ती बोलेल, निदान नजरेने तरी काही म्हणेल, असं वाटलं. ती दुपटं घडी करत राहिली. मी लुगडं घेतलं. घेतलं, आणि वर सासूला "राहू द्या हो, कशाला" असंही म्हणाले.

पुढचं दीड वर्ष आम्ही एकत्र काम केलं. खोलीत नळ आला. डावीकडची बाळं आता मरत नव्हती. मी तिच्याशी कामापुरतं बोलायची. तिला सरकारी नोकरी लागली आणि ती जायला निघाली, तेव्हा मला राहवलं नाही. मोरीवर दोघीच होतो.

मी विचारलं, "माझ्या भाचीला तुम्ही बेसिनचं सांगितलं का नाही?"

ती हात पुसत होती. म्हणाली, "तिचं लेकरू जगलंय, सिस्टर. तिला कळलं काय, न्हाई कळलं काय. ज्यांची गेली त्यांना कुणी सांगितलं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

ती गेल्यावर मी बरेच दिवस फुगून बसले. मला शिकवणारी ही कोण, असं मनाशी म्हणत राहिले. मग एका रविवारी दोन कोसांवरच्या त्या गावाला गेले. दुसऱ्या बाळाचे आईबाप ऊसतोडीला पश्चिमेकडे गेले होते, त्यांचा पत्ता कुणालाच नव्हता. ही कापूस वेचणारी बाई घरीच होती. मला बघून लगबगीने उठली, अंगणात पोतं अंथरलं. तिला पुन्हा मूल झालं होतं, चार-पाच महिन्यांचा मुलगा, काजळ भरलेला, बाळसेदार. विचारायच्या आधीच तिने तो माझ्या मांडीवर दिला.

"तुमच्या हातचं कसं इसरंल, सिस्टर," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या सिस्टर तर आमच्या लेकराला हात बी लावत नव्हत्या. तुमीच सगळं केलं."

मुलगा माझं बोट चोखायला लागला. मी ते सोडवून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. बेसिन, जुनं पाणी, माझे हात. त्या सिस्टरने हात लावला नाही कारण मीच लावू दिला नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने पदर तोंडाला लावला, एवढंच. मी थांबले तेव्हा ती माझ्या हातांकडे बघत होती.

मग तिने विचारलं, "त्या सिस्टरकडं असतं, तर?"

मी म्हणाले, "तर जगलं असतं."

त्या सिस्टरबद्दल मी मोठ्याने बोललेलं चांगलं वाक्य आयुष्यात तेवढं एकच. बाई उठली, माझ्या मांडीवरचं लेकरू उचलून घेतलं आणि घरात गेली.